हिरवी बाटली आणि प्रवाळाची टाकी: जिवंत फायटोप्लँक्टन नेमके कोणाचे अन्न?

घरच्या टाकीत खारे पाणी भरून प्रवाळ वाढवण्याचा छंद असलेल्यांच्या गप्पांत अलीकडे एक हिरवी बाटली वारंवार डोकावते. तिच्यात जिवंत फायटोप्लँक्टन असते, आणि तिच्याबद्दलचे दावे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. रोज थोडे ओतले की प्रवाळांचे रंग खुलतात, नायट्रेट उतरते आणि टाकीतले नकोसे शेवाळ मागे हटते, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. हे सगळे पातळ केलेले खत आहे, त्याने टाकी बिघडण्यापलीकडे काही होत नाही, असे दुसरे तितक्याच ठामपणे म्हणतात. नव्याने टाकी मांडलेला माणूस या दोघांच्या मध्ये सापडतो आणि बहुधा बाटली विकत घेऊन मोकळा होतो. खरे तर त्याने आधी एकच प्रश्न विचारायला हवा: टाकीत हे खाणार कोण? या प्रश्नाचे उत्तर कळले की किती द्यावे, केव्हा द्यावे, घरी वाढवावे की नाही, हे पुढचे प्रश्न फारसे अवघड राहत नाहीत.

फायटोप्लँक्टन म्हणजे काय

समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या, सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म, बहुतेक एकपेशीय जीवांना फायटोप्लँक्टन किंवा वनस्पतीप्लवक म्हणतात. छंदातले लोक त्याला नुसते ‘फायटो’ म्हणतात, आणि पुढे आपणही तेच म्हणू. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे काम हे जीव करतात. समुद्रातली बहुतेक अन्नसाखळी त्यांच्यापासूनच सुरू होते. फायटो खाऊन प्राणीप्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक प्राणी, वाढतात; त्यांना छोटे मासे खातात आणि छोट्यांना मोठे.

घरच्या टाकीसाठी यांतल्या मोजक्याच जाती उपयोगाच्या आहेत. सर्वांत जास्त वाढवली जाणारी जात नॅनोक्लोरोप्सिस. तिची पेशी दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चारपट असते. तिची भिंत जाड असते आणि ती स्वतः पोहत नाही. दुसरी आयसोक्रायसिस, सोनेरी-तपकिरी रंगाची. मेरी पार्क या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९४९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. छंदात मात्र बहुतेक वेळा ताहिती बेटाजवळून मिळालेला उष्ण पाण्याचा वाण वापरला जातो, आणि त्याला २०१३ पासून टिसोक्रायसिस ल्युटिया हे वेगळे नाव आहे. तिसरी टेट्रासेल्मिस, आकाराने सुमारे दहा मायक्रॉनची, हिरवीगार आणि चार कशाभिकांच्या, म्हणजे चाबकासारख्या तंतूंच्या, जोरावर पोहणारी. या तिघींतला महत्त्वाचा फरक स्निग्धाम्लांचा आहे. ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ गटातली दोन स्निग्धाम्ले समुद्री प्राण्यांच्या वाढीला लागतात. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए भरपूर असते पण डीएचए जवळजवळ नसते, तर आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगले असते आणि ईपीए फार थोडे. म्हणून एकाच जातीवर अवलंबून राहण्यापेक्षा दोन जातींचे मिश्रण केव्हाही चांगले.

प्रवाळ हे खातात का?

प्रवाळांना फायटो लागते, ही समजूत छंदात खोलवर रुजली आहे, आणि बहुतेक गैरसमज इथूनच फुटतात. टाकीत ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक दगडी प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे शैवाल मुळातच राहत असते. ते प्रकाशात साखर बनवते आणि तिचा मोठा भाग प्रवाळाला देते. त्यामुळे अशा प्रवाळाची ऊर्जेची बरीचशी गरज दिव्यांच्या प्रकाशातून भागते. मात्र या साखरेत नायट्रोजन आणि फॉस्फरस फारसे नसतात. शरीर बांधण्यासाठी लागणारी ही द्रव्ये प्रवाळ काही पाण्यात विरघळलेल्या रूपात घेतो, काही शिकार करून मिळवतो. रात्री टाकीवर मंद लाल प्रकाश टाकून पाहिले तर पॉलिपचे, म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतल्या एकेका जीवाचे, स्पर्शक पसरलेले दिसतात. ते ज्याची वाट पाहत असतात तो प्राणीप्लवक असतो, साधारण शंभर-दोनशे मायक्रॉन आणि त्याहून मोठा. दोन-चार मायक्रॉनची पेशी स्पर्शकांवरच्या डंखपेशींच्या पकडीत सहसा येत नाही. काही दगडी प्रवाळ सूक्ष्मशैवालही पोटात घेतात असे प्रयोगांत दिसले आहे. पण ते त्यांचे मुख्य अन्न आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मऊ प्रवाळांचे चित्र थोडे वेगळे आहे. तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थिया या रंगीत मऊ प्रवाळात झूझँथेली नसतेच. १९९५ मध्ये कॅथरिना फॅब्रिशियस, येहुदा बेनायाहू आणि अमात्झिया गेनिन यांनी दाखवून दिले की तो आपली गरज प्रामुख्याने फायटोवर भागवतो. प्राणी गटातल्या प्रवाळाने शाकाहारी असावे, ही त्या वेळी मोठी आश्चर्याची गोष्ट होती. मात्र या शोधाचा दुकानात उलटाच अर्थ लावला जातो. ‘फायटो द्या, डेंड्रोनेफ्थिया जगेल’ असे सांगून तो विकला जातो, आणि बहुतेक टाक्यांत तो काही महिन्यांत आक्रसत जाऊन मरतो. समुद्रात त्याच्या अंगावरून अहोरात्र प्रवाह वाहत असतो आणि त्या प्रवाहात अन्न अखंड असते. दिवसातून दोनदा चार थेंब टाकून ती परिस्थिती निर्माण होत नाही. एखादा सुंदर जीव उपाशी ठेवून मारण्यासाठी विकत घेऊ नये, एवढी विनंती या निमित्ताने करावीशी वाटते.

मग खाते कोण?

टाकीत फायटोचे खरे गिऱ्हाईक दोन प्रकारचे. पहिला प्रकार गाळून खाणाऱ्यांचा: स्पंज, शिंपले, खडकांवर चिकटलेल्या नळ्यांत राहणारे पंखाकृती कृमी, समुद्रशिंदळ्या म्हणजे पाण्यातून अन्न गाळणारे पिशवीसारखे प्राणी. महाकाय शिंपला ट्रायडॅक्ना याच्या अंगातही झूझँथेली असते, तरी तो पाणी गाळूनही खातो. आणि शिंपला जितका लहान तितका तो गाळलेल्या अन्नावर जास्त अवलंबून असतो. म्हणून नुसत्या प्रखर दिव्याखाली ठेवलेली शिंपल्याची छोटी पिल्ले मरू शकतात, पण मोठे शिंपले तगतात.

दुसरा प्रकार कोपेपॉडांचा. हे झिंग्याच्या दूरच्या नात्यातले, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान कवचधारी प्राणी. छंदात त्यांना ‘पॉड्स’ म्हणतात. टिग्रिओपस, टिस्बे, अ‍ॅपोसायक्लॉप्स ही त्यांतली नेहमीची नावे. फायटोवर वाढलेल्या पॉडच्या अंगात तीच स्निग्धाम्ले उतरतात, आणि असा पॉड किंवा त्याचे पिल्लू प्रवाळाच्या स्पर्शकांना सहज सापडते. मँडरिन नावाचा निळा-नारिंगी मासा दिवसभर खडक चाळत पॉड्स टिपत असतो. नव्या, निर्जीव खडकाच्या टाकीत तो उपाशी मरतो तो याच कारणाने. फायटो ओतताना आपण प्रवाळाला जेवण वाढत नसतो. प्रवाळ आणि मासे ज्यांना खातात, त्यांना आपण जेवू घालतो. सारा विषय या एका वाक्यात सामावला आहे.

समुद्रातही हेच घडते. प्रवाळभित्तीवरचे पाणी इतके नितळ का असते, याचे एक कारण म्हणजे भित्तीवरचे असंख्य तोंडवाले जीव त्यातले फायटो सतत गाळून घेत असतात. तांबड्या समुद्राकाठच्या इस्रायलमधील एलात इथल्या भित्तीवर केलेल्या मोजणीत तळालगतच्या पाण्यात फायटोचे प्रमाण खुल्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे कमी आढळले होते. नितळ पाणी पाहून ‘इथे अन्न नाही’ असे समजणे म्हणून चुकीचे. अन्न तिथे येते, आणि येताच संपते.

बाटलीत वाढवायचे कसे

मासे आणि शिंपल्यांच्या पिल्लांसाठी फायटो वाढवण्याचे शास्त्र मत्स्यबीज केंद्रांनी फार पूर्वीच पक्के केले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्रात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोत्याच्या शिंपल्यांची पिल्ले आयसोक्रायसिसवरच वाढवली गेली. घरी आपण करतो ती त्याच पद्धतीची लहान आवृत्ती.

लागणारे सामान साधे आहे. दोन लिटरची पारदर्शक बाटली, एअर पंप, कडक प्लॅस्टिकची बारीक नळी, पांढऱ्या प्रकाशाचा साधा एलईडी दिवा, कृत्रिम समुद्री मीठ, आरओचे पाणी, खत आणि विश्वासू ठिकाणाहून आणलेले शुद्ध कल्चर, म्हणजे विरजणासारखे वापरायचे जिवंत फायटो. खाण्याचे मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे पूर्ण समुद्री मीठच हवे. लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम मीठ पुरते, कारण नॅनोक्लोरोप्सिस समुद्रापेक्षा किंचित कमी खारटपणातही छान वाढते. टाकीतले पाणी काढून त्यात कल्चर लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्या पाण्यात सिलिएट, रोटिफर, पॉडची अंडी असे फायटो खाणारे जीव असतात, आणि बंद बाटलीत आठवड्याभरात ते सगळे पीक फस्त करतात.

पाणी अधिक निर्धोक करायचे असेल तर सुमारे ५ टक्के तीव्रतेचे घरगुती ब्लीच लिटरमागे १ मिलिलिटर घालून रात्रभर ठेवावे आणि सकाळी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मोडून, पाणी हवा देऊन घ्यावे. क्लोरीन उरले नाही ना, हे पट्टीवर तपासल्याशिवाय त्यात कल्चर घालू नये. ब्लीचजवळ व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

खताबाबत जगभर एक जुने सूत्र चालते. रॉबर्ट गिलार्ड यांनी जॉन राइदर यांच्याबरोबर १९६२ मध्ये समुद्री शैवालासाठी ‘एफ’ नावाचे खतपाणी प्रसिद्ध केले. त्याचे निम्मे तीव्र रूप म्हणजे ‘एफ-बाय-टू’. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, लोह, मँगनीज, जस्त, कोबाल्ट, तांबे, मॉलिब्डेनम यांची ठरलेली प्रमाणे आणि बी-१२, थायमिन, बायोटिन ही तीन जीवनसत्त्वे असतात. बाजारात फायटोसाठी म्हणून मिळणारी बहुतेक खते याच सूत्रावर बेतलेली आहेत, फक्त ती किती तीव्र आहेत हे बाटलीवर वाचून घ्यावे लागते.

इथे हमखास विचारले जाते: बागेचे १९:१९:१९ किंवा युरिया का चालणार नाही? मत्स्यबीज केंद्रांत बाहेरच्या मोठ्या हौदांसाठी युरिया, अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट अशी शेतीची खते वापरली जातात, हे खरे आहे. पण घरी हेच पाणी शेवटी प्रवाळाच्या टाकीत जाणार असते. शिल्लक राहिलेला अमोनिया टाकीत घातक ठरू शकतो, आणि बागेच्या खतात जीवनसत्त्वे नसतात, ती आयसोक्रायसिससारख्या जातींना लागतात. थोडे पैसे वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

बाटली भरताना एकचतुर्थांश ते अर्धी जागा सुरुवातीच्या कल्चरने आणि उरलेली खत मिसळलेल्या खाऱ्या पाण्याने भरावी. नळी तळापर्यंत न्यावी, पण तिच्या टोकाला एअरस्टोन, म्हणजे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, लावू नये. बारीक बुडबुड्यांनी फेस होतो, मिठाचे थर बसतात आणि दगडाच्या छिद्रांत जिवाणू घर करतात. सेकंदाला दोन-तीन मोठे बुडबुडे पुरतात. त्यांचे काम पेशी तळाशी बसू न देणे आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात पोचवणे हे आहे. झाकणाला नळीचे एक आणि हवा बाहेर पडण्याचे एक अशी दोन छिद्रे ठेवून दुसऱ्यात कापूस बसवावा. दिवा बाटलीपासून वीतभर अंतरावर, दिवसाला सोळा तास.

पहिल्या दिवशी बाटली फिकट हिरवी असते आणि मागे धरलेली बोटे सहज मोजता येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बोटांच्या कडा पुसट होतात. सहा-सात दिवसांनी बाटलीमागचा दिवाही गढूळ हिरव्या ठिपक्यासारखा दिसतो. दाट झालेल्या नॅनोक्लोरोप्सिसच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी पेशी असतात. घनता अंदाजाने न ठरवता मोजायची असेल तर काठीच्या टोकाला काळी-पांढरी छोटी चकती लावून ती कल्चरमध्ये खाली सोडावी आणि किती सेंटिमीटरवर ती दिसेनाशी होते ते लिहून ठेवावे. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राचे पाणी किती नितळ आहे हे मोजायला पांढरी चकती वापरली, तिचेच हे घरगुती रूप. दर वेळी त्याच खोलीवर काढणी केली की टाकीत जाणारे प्रमाणही सारखे राहते.

काढणीची रीत विरजणासारखी आहे. अर्धे कल्चर काढून घ्यायचे, अर्धे बाटलीत ठेवायचे, त्यावर नवे खारे पाणी आणि खत घालायचे; पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. विरजण जसे फार दिवस चालवले की आंबट होत जाते, तसे हे कल्चरही महिन्याभराने अशुद्ध होत जाते. तेव्हा बाटली धुऊन, शुद्ध साठ्यातून नव्याने सुरुवात करावी. म्हणून मूळ कल्चरची एक छोटी बाटली नेहमी वेगळी, मंद प्रकाशात ठेवावी आणि तिला पॉड किंवा रोटिफरच्या भांड्यांतली नळी, गाळणी, हातसुद्धा लागू देऊ नये.

काढलेले फायटो बारीक जाळीतून गाळून फ्रिजमध्ये ठेवले तर दोन ते तीन आठवडे टिकते. बाटलीत वर थोडी हवा हवी, आणि रोज एकदा ती हलवायला हवी, नाहीतर पेशी तळाशी बसून मरतात. आयसोक्रायसिसचा ताहिती वाण मात्र उष्ण पाण्याचा असल्यामुळे फ्रिजमध्ये तितका टिकत नाही; तो लागेल तसाच काढावा.

आपल्याकडची खरी अडचण उष्णतेची. मुंबई-ठाण्यात एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान ३० अंशांच्या वर जाते आणि दिव्यालगतची बाटली त्याहून तापते. ऱ्होडोमोनास ही लालसर जात पॉड्ससाठी उत्तम मानली जाते, पण ती थंड हवा मागते आणि अशा उन्हाळ्यात सहसा तग धरत नाही. नॅनोक्लोरोप्सिस, टेट्रासेल्मिस आणि ताहिती आयसोक्रायसिस या जाती उष्णता बऱ्यापैकी सोसतात. नवशिक्याने यांतल्याच घ्याव्यात आणि दिवा बंद राहण्याचे तास भर दुपारी येतील असे पाहावे.

कल्चर बिघडल्याची खूण एकदा पाहिली की विसरत नाही. रंग एका रात्रीत फिका किंवा पिवळट पडतो, पेशी तळाशी गोळा होतात, वर फेस येतो आणि झाकण उघडताच कुजकट वास येतो. निरोगी कल्चरला समुद्रकिनाऱ्याचा किंवा ताज्या शेवाळाचा सौम्य वास असतो. वासाबद्दल शंका आली तर ते कल्चर टाकीत घालू नये, मग कितीही दिवसांची मेहनत असो. मात्र ते नाल्यात किंवा खाडीत ओतू नये. बाहेरच्या देशांतले वाण आपल्या पाण्यात सोडणे बरोबर नाही. ब्लीच घालून, रात्रभर ठेवून मगच ते टाकून द्यावे.

‘हे तर पातळ खतच आहे’

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यायला हवे. एफ-बाय-टू खतपाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ५५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ३.४ मिलिग्रॅम फॉस्फेट असते. समजा, शैवालाने त्यातले काहीच वापरले नाही आणि १०० लिटरच्या टाकीत आपण असे १० मिलिलिटर ओतले. तर नायट्रेट लिटरमागे ०.००५ मिलिग्रॅमने आणि फॉस्फेट ०.०००३ मिलिग्रॅमने वाढते. महिनाभर रोज ओतले आणि टाकीतून काहीच बाहेर गेले नाही असे धरले, तरी वाढ अनुक्रमे ०.१६ आणि ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास राहते. याच्या शेजारी माशांचे कोरडे खाद्य ठेवून पाहा. त्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यातून सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होऊ शकते, आणि हे त्या १० मिलिलिटर फायटोमधल्या फॉस्फेटच्या जवळजवळ हजारपट आहे. फायटोला घाबरून खाद्याची डबी मात्र सैल हाताने झटकणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

पण आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पूर्ण तीव्रतेचे ‘एफ’ खत वापरून त्याच टाकीत रोज १०० मिलिलिटर ओतले, तर महिन्याकाठी नायट्रेट लिटरमागे सुमारे ३.३ आणि फॉस्फेट ०.२ मिलिग्रॅमपर्यंत वाढू शकते. एवढे फॉस्फेट प्रवाळाच्या टाकीसाठी नक्कीच जास्त आहे. धोका फायटोत नाही, प्रमाणात आहे.

यात एक बारकावा आहे. शैवाल नायट्रोजन किंवा फॉस्फरस निर्माण करत नाही. बाटलीत आपण जेवढे खत घातले, तेवढेच शेवटी टाकीत जाते, विरघळलेल्या रूपात किंवा पेशींच्या रूपात. फरक एवढाच की पेशींतले खत कोणाच्या तरी पोटात जाते किंवा स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण वेगळी करणारे यंत्र, ते बाहेर काढतो, आणि विरघळलेले खत तसेच पाण्यात राहते. म्हणून अर्धवट वाढलेले, फिकट कल्चर घाईने ओतू नये. पूर्ण दाट झाल्यावर, पण बिघडण्याच्या आत काढावे. अमेरिकन शास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणोत्तरानुसार समुद्री प्लवकांत सरासरी नायट्रोजनचे १६ अणू असतील तर फॉस्फरसचा १ असतो. एफ-बाय-टू मध्ये हे प्रमाण सुमारे २४ ला १ असे आहे. त्यामुळे बाटलीत फॉस्फेट आधी संपण्याकडे कल असतो आणि थोडे नायट्रेट उरते.

‘फायटोने नायट्रेट उतरते म्हणतात’

बाटलीत फायटो नायट्रेट खाते, म्हणून टाकीतही खाईल, असा हा तर्क आहे. परंतु टाकीत ते टिकतच नाही. काही तासांत बरेचसे गाळले जाते, स्किमरमध्ये जाते किंवा पाणी निर्जंतुक करणाऱ्या अतिनील दिव्याखाली मरते. त्या तासांत त्याने घेतलेले नायट्रेट नगण्य असते. फायटो सुरू केल्यावर कोणाचे नायट्रेट खरोखर उतरले असेल, तर त्यामागे बहुधा स्किमरने बाहेर काढलेल्या पेशी किंवा टाकीत वाढलेल्या स्पंज आणि पॉड्सच्या शरीरात अडकलेला नायट्रोजन असतो. नायट्रेट कमी करण्यासाठी पाणी बदलणे किंवा रेफ्युजियममध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, मोठे शेवाळ वाढवून ते कापत राहणे, हे मार्ग कितीतरी खात्रीचे आहेत.

तपकिरी, चिकट थर धरणाऱ्या डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा त्रास फायटोने जातो, असेही अनेकांचे अनुभव आहेत. हा त्रास बरेचदा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणलेल्या टाक्यांत होतो. फायटोबरोबर थोडे अन्न आणि सूक्ष्मजीवांची विविधता टाकीत येते, त्याची मदत होत असावी. पण यावर नियंत्रित प्रयोगांचा भक्कम आधार उभा राहीपर्यंत औषध म्हणून त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

‘टाकी हिरवी होणार नाही का?’

होत नाही. बाटलीत मिळणारे भरपूर खत, शांत पाणी आणि भक्षकांचा अभाव यांपैकी काहीच टाकीत नसते. खडकांवर उगवणारे केसाळ शेवाळ ही पूर्णपणे वेगळी जात आहे, ती बाटलीतून येत नाही. प्रमाण फार वाढवले तर वाढलेल्या फॉस्फेटमुळे तिला बळ मिळू शकते, एवढाच संबंध.

‘तयार मिळते, मग घरी कशाला?’

टिकवलेले, मृत पेशींचे दाट द्रव सोयीचे असते. पण मेलेली पेशी खाल्ली गेली नाही तर टाकीत कुजते, आणि जिवंत पेशी कोणी खाईपर्यंत तशीच ताजी राहते. विकतचे जिवंत फायटो चांगले असते, परंतु ते कधी भरले, वाटेत किती तापले, याची खात्री नसते, आणि मोठ्या टाकीला त्याचा खर्च परवडत नाही. ज्याच्याकडे ५०-६० लिटरची, दोन क्लाउनफिश आणि काही कणखर मऊ प्रवाळ असलेली टाकी आहे, त्याला मात्र यातले काहीच करण्याची निकड नाही. रोजची दहा मिनिटांची शिस्त पाळता येणार नसेल तर चांगले बारीक गोठवलेले प्राणीप्लवक आठवड्यातून दोनदा देणे पुरेसे आहे. शिंपले, स्पंज, पंखकृमी, मँडरिन मासा यांच्यापैकी काही असेल, किंवा पॉड्स स्वतंत्रपणे वाढवायचे असतील, तर मात्र घरचे कल्चर सार्थकी लागते.

इथे कायद्याचाही विचार करायला हवा. शैवालाच्या कल्चरला अडचण नाही. पण भारतातील सर्व दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि काही महाकाय शिंपले यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा लक्षद्वीपहून ‘आठवण’ म्हणून आणलेला जिवंत वा मेलेला प्रवाळाचा तुकडाही गुन्हा ठरतो. परदेशातून कायदेशीररीत्या आलेल्या जीवांचीही कागदपत्रे दुकानदाराकडून मागून घ्यावीत आणि जपून ठेवावीत.

किती, केव्हा, कसे

सुरुवात १०० लिटरला दिवसाला ५ मिलिलिटरने करावी. दोन-तीन आठवडे तेवढेच ठेवून नायट्रेट आणि फॉस्फेट दर आठवड्याला मोजावे, आणि मगच १० ते २० मिलिलिटरपर्यंत जावे. टाकीचे दिवे मंद झाल्यावर दिलेले बरे, कारण पॉड्स आणि बरेचसे गाळून खाणारे जीव तेव्हा अधिक सक्रिय असतात. देताना स्किमर आणि अतिनील दिवा तासा-दोन तासांसाठी बंद ठेवावा, पण पाण्याचा प्रवाह चालू ठेवावा. स्किमर रात्रभर बंद ठेवू नये, त्याने पाण्यातला प्राणवायू कमी होतो.

परिणाम प्रवाळाच्या रंगात शोधू नये. तो इतर डझनभर कारणांनीही बदलतो. दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च काचेवर तिरका धरून पाहावे. महिना-दीड महिन्यात काचेवर थबकत-थबकत सरकणारे पांढुरके ठिपके वाढले असतील, संपच्या, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीच्या, भिंतींवर पांढऱ्या वेटोळ्या नळ्यांची संख्या वाढली असेल, सावलीतल्या खडकाखाली पिवळसर स्पंज पसरू लागला असेल, तर फायटो योग्य तोंडांत जात आहे. पंखकृमीचा मुकुट ओतताक्षणी मिटून बराच वेळ उघडला नाही, तर एका वेळी फार ओतले गेले; तेवढेच प्रमाण दोन-तीन हप्त्यांत द्यावे. आणि फॉस्फेट सलग दोन मोजण्यांत ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर फायटो निम्म्यावर आणण्याआधी माशांचे कोरडे खाद्य किती पडते आहे ते मोजून पाहावे.